शेरा : काही झालं नाही

रफूकाकांना कुणी "काय चाललंय?" असं विचारलं की ते "काही नाही" म्हणायचे. आपण हे उत्तर वेळ मारून नेण्यासाठी देतो. ते अहवाल म्हणून द्यायचे. त्यात चक्क अभिमान असायचा, आणि तो अभिमान आहे हे कळायला मला बराच काळ लागला, कारण त्या वेळी मी फार हुशार होते.

रफूकाका हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात एका सरकारी खात्याच्या संगणक केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. खात्याचं नाव सांगत नाही. त्याचा संबंध पाण्याशी होता आणि पाणी सोडून बाकी सगळं तिथं मुबलक होतं, एवढं पुरे. नवे प्रोग्राम लिहिणारे आम्ही सहा जण, आणि जुने प्रोग्राम सांभाळणारे ते एकटे. सरकारनं नियम बदलला, एखादं गाव या तालुक्यातून त्या तालुक्यात गेलं, कुणाचं आडनाव रकान्यात मावेनासं झालं, की तो कागद त्यांच्या टेबलावर जायचा. ते जुन्या प्रोग्राममध्ये दोन ओळी अशा घालायचे की बाकीच्याला धक्का लागू नये. म्हणून आम्ही त्यांना रफूकाका म्हणायचो, पाठीमागे. एका दिवाळीला त्यांनी आम्हा सगळ्यांना शुभेच्छापत्रं दिली आणि खाली "आपला, रफूकाका" अशी सही केली. तेव्हा कोणी कोणाकडे बघायचं हे आम्हाला कळेना.

माणूस ठेंगणा. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली, आणि उन्हाळ्यात त्याच खिशात एक कांदा. कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही असं मानणारे नागपुरात पुष्कळ आहेत, पण ते उन्हात जाताना ठेवतात. रफूकाका महाल या जुन्या वस्तीतून सायकलवर डोक्याला दुपट्टा गुंडाळून यायचे, दुपट्टा काढून खुंटीला लावायचे आणि कांदा मात्र संध्याकाळपर्यंत खिशात. त्यांच्याकडून कागद घ्यायला वाकलं की आधी कांदा भेटायचा आणि मग काका.

आमच्या इमारतीत थंड हवेची खोली एकच, आणि ती संगणकाची. आम्ही माणसं वाळ्याच्या कूलरसमोर. त्यामुळे मे महिन्यात साऱ्या खात्याला संगणकाबद्दल एकाएकी कुतूहल वाटू लागे. लेखा शाखेतल्या एका गृहस्थांना तर ते इतकं वाटायचं की ते डबाच घेऊन यायचे. चपला दाराबाहेर काढून सगळे आत घुसायचे. आत जायचा हक्क असून कधीही न जाणारे रफूकाका तेवढे एकटे. कूलरशेजारच्या बाकावर एक पाय वर घेऊन बसायचे आणि प्रोग्रामचा घडीघडीचा लांबलचक कागद मांडीवर घेऊन वाचायचे.

"आत बसून वाचा ना," मी एकदा म्हटलं.

"काहून? मशीनजवळ बसून काय समजते? मशीन फकस्त करते. समजाचं तं कागदावर समजते."

त्यांचं वाचन हा एक पाहण्यासारखा प्रकार होता. बोट ओलं करून घडी उलटायची, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं, मध्येच थांबून मान हलवायची. कधी कधी मोठ्यानं हसायचे. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेल्या रुक्ष ओळी, त्यात हसण्यासारखं काय असणार? एकदा मी विचारलंच.

"हे पाय," त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. "इथवर गडी कसा झाक चालून राहिला. अन् इथं एकदम तीन ओळीचं काम नऊ ओळीत. याच्या घरी काही तरी झालं असंल वं त्या दिवशी. मंग इथं पुना ठिकाणावर आला."

मी त्या पानाकडे पाहिलं. मला नऊ ओळी दिसल्या, आणि त्या तीन ओळींत करता येतील हे दिसलं. घर काही दिसलं नाही.

त्या काळी प्रोग्राम आणि माहिती जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून संगणकाला द्यावी लागे. वापरून झालेली कार्डं फेकून द्यायची असत. रफूकाका ती घरी न्यायचे. त्यांच्याकडे निरोप कार्डावर, हिशेब कार्डावर, पुस्तकातली खूण कार्डाची. काकू भाजीची यादीही कार्डावर लिहून द्यायच्या. एकदा ते यादीचं कार्ड चुकून चालू गठ्ठ्यात गेलं. त्यावर जुनी भोकं होतीच. संगणकानं ते वाचलं आणि अर्धा दिवस संप केला. साऱ्या केंद्रानं डोकं खाजवलं. शेवटी गठ्ठ्यातून "मेथी, सांबार, वांगे" असं कार्ड बाहेर निघालं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

हे सांगायचं कारण त्यांचं रजिस्टर. प्रत्येकानं दिवसाच्या शेवटी कामाच्या रजिस्टरात शेरा लिहावा असा नियम होता. आम्ही "नवीन प्रणालीच्या आराखड्यावर सखोल चर्चा" असलं काही तरी लिहायचो, म्हणजे चहाला गेलो होतो. रफूकाका त्यांच्या सुरेख वळणदार अक्षरात रोज एकच लिहायचे : "काही झालं नाही." पानंच्या पानं भरलेली. आम्ही नव्या आलेल्या माणसाला ते रजिस्टर गंमत म्हणून दाखवायचो. पण त्या भाजीच्या दिवशी त्यांनी तितक्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं : "माझ्या घरची भाजी मशीनमध्ये गेली. चूक माझी." म्हणजे काही झालं तर ते लिहीत. बाकीचे सगळे दिवस खरोखरच काही झालेलं नसे, आणि ते होऊ नये म्हणून ते दिवसभर बाकावर बसलेले असत.

नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीला कोण जाणार, यावरून केंद्रात धुसफूस चालायची. ज्येष्ठतेनं पहिला मान त्यांचा. दोनदा त्यांचं नाव आलं आणि दोनदा त्यांनी लेखी नकार दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : "इथे काम आहे." साहेबांना वाटलं हा टोमणा आहे.

मला मात्र चीड यायची. अहो, इतकी समज असलेला माणूस, त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाटक्या ओळी का सांधत बसाव्यात? मी एका दुपारी तोंडावर विचारलं, "तुम्हाला स्वतःचं नवं काही करावंसं वाटत नाही? कंटाळा येत नाही?"

त्यांनी कागदाची घडी नीट घातली. मग म्हणाले, "माही माय सांधणारी होती. तुले माहीत नसंल. मागावर लुगडं विणता विणता धागा तुटते. कोष्ट्यायच्या घरी हे रोजचंच. तं दुसऱ्याच्या मागावरचे धागे माय सांधून द्याची. लुगडं विणणाऱ्याचं नाव व्हाचं. नेसणारीचं कवतिक व्हाचं. माय लगनात गेली का बायायचे लुगडे पाहे. तिनं सांधलेली गाठ तिलेच सापडली नाही, तं त्या दिवशी दोन घास जास्ती जेवे."

"आणि सापडली तर?"

"मंग घरी येऊन बोले नाही कोणाशी."

मी धरमपेठेच्या सुखवस्तू वस्तीत वाढलेली. लुगडं म्हणजे आजीचं, आणि ते ट्रंकेत. मला ती गोष्ट गोड वाटली आणि मी ती लगेच विसरले.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. तरुण, उंच, बुटांची चमक अशी की संगणकाच्या खोलीबाहेर ते काढून ठेवले की लोक त्यांच्याकडेच बघत बसायचे. त्यांनी हिरव्या अक्षरांचे संगणकाचे पडदे मागवले, भिंतीवर तक्ता लावला आणि जाहीर केलं की जुने प्रोग्राम मोडीत काढून एकच नवी प्रणाली करायची. आम्ही सहा जण आनंदानं वेडे झालो. रफूकाकांना त्यांनी विचारलं, "तुम्हाला या योजनेत काय करायला आवडेल?"

"जुनं चालू ठेवाले आवडंल जी. तुमचं नवं तयार होयेस्तोवर."

साहेब हसले. इंग्रजीत माझ्याकडे वळून म्हणाले की प्रत्येक केंद्रात असा एक माणूस असतो. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं, आणि आवडत नाही.

नव्या प्रणालीचं पहिलं मोठं काम आलं ते रोजंदारीवरच्या कामगारांचं. कालव्यांवर वर्षानुवर्षं रोजंदारीनं राबणाऱ्या चौकीदारांना आणि मजुरांना कायम करायचं ठरलं होतं. त्यांची ज्येष्ठतेनुसार यादी आम्ही छापायची, शनिवारी तिच्यावर सही होणार आणि त्यानंतर यादी बंद. ती पुन्हा कधी उघडेल हे सरकारलाही माहीत नव्हतं. यादीत नाव म्हणजे कायमची नोकरी. नाव नाही म्हणजे उद्या या, हजेरी लागली तर लागली.

जुन्या प्रोग्राममधला यादीचा भाग नव्या प्रणालीत नेण्याचं काम माझ्याकडे आलं. "जसंच्या तसं नेऊ नका, स्वच्छ करून न्या," साहेब म्हणाले. मी स्वच्छ करायला बसले. त्या प्रोग्राममध्ये रफूकाकांची ठिगळं जागोजागी होती. एका ठिकाणी अशी ओळ होती की जन्मतारीख एक जुलै असेल, तर दोन सारखी नावं एकच माणूस समजू नये, हजेरी क्रमांक पाहावा. तिच्यावर संगणक वाचत नाही अशी सूचना रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहिलेली : "हे काढू नका." बस्स. एक जुलैचे असे काय लाड? मला ते खुळचट वाटलं. मी ती ओळ काढली. वरची सूचनाही काढली.

कच्ची यादी छापून निघाली, आणि तिच्याबरोबर आणखी एक यादी निघाली. आडनाव, नावाचं व बापाच्या नावाचं पहिलं अक्षर, गाव आणि जन्मतारीख हे सगळं जुळणारी नावं आमच्या प्रणालीनं बाजूला काढली होती. एकेक नाव ठेवून दुसरं उडवलं होतं. साहेबांनी ती यादी हातात घेतली आणि त्यांचे डोळे लकाकले. "बोगस मजूर!" ते म्हणाले. "एकच माणूस, दोन नावांनी हजेरी. इतकी वर्षं कोणाला सापडले नव्हते." त्याच दुपारी त्यांनी मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या खात्याच्या नागपुरातल्या मुख्य अभियंत्यांना, आकडा कळवला. मोठ्या साहेबांनी तो एका समारंभात सांगितलासुद्धा. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी जिलबी आणली.

कच्ची यादी गावोगावच्या कार्यालयांत लागली आणि गुरुवारी सकाळी एक माणूस साहेबांच्या खोलीत येऊन उभा राहिला. मी तिथंच होते. पन्नाशीचा असावा, पायात टायरच्या चपला, हातात घडी घातलेला कागद.

"साहेब, मी नामदेव. कालव्यावर चौकीदार हावो, चौदा वर्सं झाले. माहा भाऊ नारायण, तोबी तथीच हाय. दोघायचं पयलं अक्षर एकच. यादीत एकच नाव आलं. आमच्या हापिसातल्या बाबूनं सांगतलं का घरी ठरवा, कोण तो." त्यानं कागद पुढे केला. "तं आम्ही ठरवलं. तो नारायण हाय. त्याचे पोरं लहान हायत. माह्यं नाव काढून टाका. तेवढं लेहून आणलं."

साहेबांनी कागद वाचला. त्यांचा चेहरा उजळला. मला इंग्रजीत म्हणाले, "पाहिलंत? स्वतः लिहून देतोय. दोन नावं, माणूस एक." मग मोठ्या मनानं त्यांनी नामदेवसाठी चहा सांगितला, कारण असा प्रामाणिक बोगस माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

नामदेव बाहेर येऊन कूलरजवळ टेकला. रफूकाकांनी त्याला माठातलं पाणी दिलं. मला काचेतून दिसत होतं. दोन-चार वाक्यं बोलणं झालं. काकांनी काहीतरी विचारलं, नामदेवनं बोटांवर मोजून सांगितलं, काका उठले. त्यांना इतक्या चटकन उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते माझ्या टेबलाशी आले आणि बोगस नावांची यादी मागून घेतली. उभ्यानंच वाचली.

"पोरी, याच्यातले सारेच्या सारे एक जुलैचे हायत."

मी पाहिलं. सगळ्या नावांपुढे एकच तारीख होती. इतके दिवस ते माझ्या समोर होतं.

"तुह्या जन्माची तारीख कोणं लेहून ठेवली?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात झाला माझा जन्म. कुंडली आहे."

"तेच तं. खेड्यात कोण लेहून ठेवते? बाप पोराले घेऊन शाळेत जाते. मास्तर विचारते, कधीचा? बाप म्हणते, पूर आला होता त्या सालचा. मास्तर म्हणते, बरं, सहा वर्साचा लेहतो. शाळा उघडे एक जुलैले. म्हणून जन्म एक जुलै. दोन पोरं संगं नेले तं दोघायचाही तोच दिवस अन् तेच साल. कागदावर जुळे, घरी तीन वर्साचं अंतर. मी बी एक जुलैचाच हावो." मग हळूच म्हणाले, "ती ओळ कुठी गेली वं?"

"काढली मी."

त्यांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली.

"त्यावर नुसतं 'काढू नका' लिहिलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला नाही. "का काढू नका ते लिहिलं नव्हतं."

मला वाटलं आता ते रागावतील. त्यांनी खिशातला कांदा काढला, पाहिला, परत ठेवला. "हे मातर खरं हाय," ते म्हणाले. "कारण नाही लेहलं म्या. मले वाटलं, मले माहीत हाय म्हणजे झालं. चूक माही हाय."

मी साहेबांकडे धावले. लाजेनं कान तापले होते, पण सांगितलं की ही माणसं खरी आहेत, दोन-दोनच आहेत. साहेबांनी शांतपणे ऐकलं. आकडा वर गेला आहे, म्हणाले. मोठ्या साहेबांनी तो भाषणात सांगितला आहे. आता तो मागे कसा घ्यायचा? एखाद-दुसरा खरा असला तर तो अर्ज करील. "आणि आजचा माणूस तर स्वतः लिहून देऊन गेला," त्यांनी नामदेवचा कागद मला दाखवला.

मी परत आले ती रडकुंडीला. बाहेर बाकावर नामदेव चहाचा रिकामा कप हातात धरून बसला होता. कप कुठं ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं. चौदा वर्षं कालव्यावर राखण केलेला माणूस धाकट्या भावासाठी आपलं नाव लिहून देऊन बसला होता, आणि ते मी पुसलं होतं.

"साहेबाले चूक सांगू नको," रफूकाका म्हणाले. "साहेबायले चूक सांगतली का ते तिले सांभाळत बसतात. त्यायले यादी दाखव."

"कोणती यादी?"

"कायम लोकायची. तुह्या त्याच प्रोग्राममधून कायम नोकरीवाल्यायची टेप चालव. ते बी तपासून पाहू ना. चांगली गोष्ट हाय."

शुक्रवारी सकाळी मी कायम कर्मचाऱ्यांच्या माहितीची ती चुंबकीय टेप लावली. कायम कर्मचाऱ्यांमधलेही बोगस निघाले. एक छोटंसं पान. तिसरं नाव मी दोनदा वाचलं. ते मोठ्या साहेबांचं होतं.

रफूकाकांना आश्चर्य वाटलं नाही. मोठे साहेबही खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. त्यांचे धाकटे बंधू आमच्याच खात्यात ओव्हरसियर. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एकच, आणि बापानं एकाच दिवशी शाळेत घातलेलं. "ती ओळ म्या पयले या मोठ्या साहेबायसाठीच टाकली होती," काका म्हणाले. "तवा हे लहान साहेब होते. बदलीची ऑर्डर निघाली यायच्या नावाची, अन् गोंदियाले जाऊन हजर झाला यायचा भाऊ."

ते पान त्यांनी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवलं, चहाच्या कपाशेजारी, आणि बाकावर येऊन बसले. पाच मिनिटांत साहेब बाहेर आले. टेबलाशी आले तेव्हा नुकतेच संगणकाच्या खोलीतून परतले होते, बूट घालायचे राहिले होते.

"हे कोणी पाहिलं?"

"आम्ही दोघायनं."

"अहो, यात मोठे साहेब बोगस निघालेत!"

"मोठे साहेब नाही जी," रफूकाका अत्यंत अदबीनं म्हणाले. "मोठे साहेब अन् त्यायचे बंधू मिळून एक निघाले. त्यायले सांगू, घरी ठरवा, कोण तो."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि मग स्वतःच्या मोज्यांकडे. "दुरुस्त किती वेळात होईल?"

ओळ रफूकाकांनी स्वतः परत घातली. अर्ध्या तासात झालं. दुपारी नवी यादी छापून निघाली. नामदेव होता, नारायणही होता, एकाखाली एक. शनिवारी सही झाली. साहेबांनी मोठ्या साहेबांना कळवलं की नव्या प्रणालीनं दुसऱ्या फेरीत आपली तपासणी आपणच अधिक काटेकोर केली आणि एकाही गरिबावर अन्याय होऊ दिला नाही. मोठ्या साहेबांनी तेही भाषणात घेतलं. पुढे त्या प्रणालीला पितळेची ढाल मिळाली. ती साहेबांच्या खोलीत लागली.

महिन्याभरानं दोघे भाऊ नारळ आणि हार घेऊन आले. "आमचं काम कोणं केलं?" त्यांनी विचारलं. साहेबांनी संगणकाकडे बोट दाखवलं. आत नारळ फोडायची परवानगी नव्हती, म्हणून पायरीवर फोडला. हार मात्र आत, मशीनच्या कपाटावर. दोघांनी चपला काढून, हात जोडून नमस्कार केला. रफूकाका बाकावरून हे सगळं इतक्या आनंदानं पाहत होते की मला राहवेना.

"मी सांगते त्यांना," मी पुटपुटले. "तुम्ही केलं म्हणून. आणि मी मोडलं होतं म्हणूनही."

"काहून? तुले गाठ दाखवाची हौस हाय का?" ते खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाले. "बस गुपचूप. खोबरं खाय. गोड हाय."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रजिस्टर काढलं आणि मागची पानं उलटली. त्या शुक्रवारचा शेरा शोधला. भाजीच्या दिवसासारखं काहीतरी असेल, "चूक" हा शब्द असेल, कदाचित माझं नाव असेल अशी धास्ती होती. तिथं त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं : "काही झालं नाही." या एका खोटेपणाबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यानंतर ते रजिस्टर मी कुणाला गंमत म्हणून दाखवलं नाही.

चार-पाच वर्षांत आमची नवी प्रणाली रीतसर जुनी झाली. साहेब बढतीवर गेले, पितळेची ढाल काळी पडली, बाकीचे पाच जण मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत गेले. मलाही बोलावणं होतं. मी गेले नाही. घरी कारण विचारलं तेव्हा मी आईची तब्येत सांगितली. खरं कारण असं की मी तोवर कागद मांडीवर घेऊन वाचू लागले होते, आणि एक दिवस कुणाच्या तरी ओळी वाचून मोठ्यानं हसले होते. बाकाचा दुसरा कोपरा माझा झाला होता.

ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. म्हणून तीस जूनला खात्यातून माणसांचा पूर येतो. रफूकाका त्याच पुरात गेले. निरोप समारंभात इतके सत्कारमूर्ती होते की हार कमी पडले आणि शेवटी उभ्या राहिलेल्या रफूकाकांना नुसता नारळ मिळाला. मी चिडले. ते म्हणाले, "बरं झालं. सायकलवर हार कसा नेतो?" नारळ हँडलच्या पिशवीत टाकून ते महालाकडे निघून गेले. वळून पाहिलं नाही. कांदा खिशात होता.

पुढच्याच वर्षी पुण्याहून बदलून आलेल्या एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. हुशार होत्या, दिसतच होतं. हातात यादीच्या प्रोग्रामचा कागद. "हा भाग स्वच्छ करायला घेतलाय," त्या म्हणाल्या. "पण इथं कुणीतरी चार ओळींची सूचना लिहिलीय. त्यात तुमचं नाव आहे."

मी कागद घेतला. त्या यादीला पुन्हा हात लावायचं काम कधी पडलं नव्हतं, त्यामुळे रफूकाकांनी काय लिहिलं ते मी पाहिलेलं नव्हतं. रोमन अक्षरांतली त्यांची मराठी :

"हे काढू नका. खेड्यात शाळा एक जुलैले उघडे म्हणून सारे पोरं त्याच दिवशी जन्मले. कागदावर एक दिसले तरी माणसं दोन हायत. समजलं नाही तं बाईले विचारा, तिले सारं माहीत हाय."

"बाईले" च्या आधी माझं पूर्ण नाव होतं. त्यांचं कुठंच नव्हतं. खाली तारीख होती त्याच शुक्रवारची. आदल्याच दिवशी मी कबूल केलं होतं की ती ओळ मी काढली, आणि त्या दिवशी त्या खोलीत एक जुलैबद्दल सर्वांत कमी माहिती मलाच होती.

मला रडू आलं. त्या बाई गोंधळल्या. मी डोळे पुसले, बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली आणि म्हटलं, "बसा. तुमच्या जन्माची तारीख कोणी लिहून ठेवली?"

सांगायला दुपार गेली. ओळ राहिली. सूचनेत माझ्या नावाखाली मी त्या बाईंचं नाव घातलं, त्यांना न सांगता. मग रजिस्टर काढून शेरा लिहिला : काही झालं नाही.